डबीरबाईंची मार्गदर्शिका

डबीरबाई लहान मुलांशी बोलताना खाली बसायच्या आणि मोठ्यांशी बोलताना उभ्या राहायच्या. समोरचा मोठा माणूस खुर्चीवर बसलेला असला तरी या उभ्याच. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण मूल दिसलं की सुती पातळाचा घोळ आवरून अशी झटकन उकिडवी बसायची की बालवाडीतल्या तरुण सेविकांनी लाजावं. चेहरा लगेच मऊ व्हायचा, आवाजात गूळ यायचा. मग त्या उठायच्या. उठता उठता चेहरा बदलायचा आणि पूर्ण उभ्या झाल्या की समोरची सेविका पदर सावरून भिंतीला टेकायची. मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे, की आजही कुणी मुलापुढे प्रेमाने खाली बसलं की मला आधी संशय येतो.

नागपुरातल्या एका संस्थेच्या बालवाड्या तेव्हा शहरातल्या वस्त्यांमधून चालायच्या आणि डबीरबाई त्या सगळ्यांच्या प्रमुख पर्यवेक्षिका होत्या. सत्तरच्या दशकातली गोष्ट. बालवाडी कशी चालवावी याची एक मार्गदर्शिका बाईंनी स्वतः लिहिली होती. मुलाशी कसं बोलावं, गाणं कसं शिकवावं, दूध किती द्यावं, कुणाला घ्यावं, कुणाला घेऊ नये, सगळं त्यात होतं. सेविका तिला नुसतं ‘पुस्तक’ म्हणायच्या. ‘पुस्तकात नाही’ असं म्हटलं की विषय संपला. त्या पुस्तकात चित्रं काढायला म्हणून मला नोकरी मिळाली होती.

पहिल्याच दिवशी मी एक चित्र काढून नेलं. आईचा हात सोडून बालवाडीत येणारं हसरं मूल. बाईंनी चित्र हातभर लांब धरलं.

“हे मूल का हसतंय?”

“बालवाडीत आलंय म्हणून,” मी म्हटलं.

“आमच्या बालवाडीत पहिले काही दिवस कुणी हसत नाही. गळा काढतात. ज्या सेविकेने हे चित्र पाहिलं ती रडणारं पोर पाहून घाबरेल आणि आईला आत बसवून घेईल. रडणारं काढा. आणि आई पाठमोरी काढा. जाताना दिसली पाहिजे.”

मी रडणारं मूल काढलं. खोटं कशाला बोलू, बाईंचं म्हणणं बरोबरच होतं. त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असायचं. तीच तर पंचाईत होती. चुकणाऱ्या माणसाशी भांडता येतं. बाईंशी भांडायला गेलं की आपणच मूर्ख ठरून परत यायचो.

सेविकांच्या प्रशिक्षणात त्यांचं खरं रूप दिसायचं. कोराडीच्या वसाहतीतून एक नवी मुलगी आली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बाईंनी तिला उभं करून गाणं म्हणायला लावलं, ती अडखळली, बाईंनी पुन्हा लावलं, पुन्हा अडखळली. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बाई बाकीच्यांकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “बघून ठेवा. मोठं माणूस रडतं तेव्हा तोंड झाकतं. लहान मूल झाकत नाही, ते आपल्याकडे बघत रडतं. म्हणून मुलाचं रडणं म्हणजे बोलणं असतं, आणि हे नुसतं रडणं आहे. लिहून घ्या.” सगळ्यांनी लिहून घेतलं. त्या मुलीनेही बसून डोळे पुसत लिहून घेतलं.

“दया ही आळशी बाईची सवय आहे,” असं त्या म्हणायच्या. “एका मुलाची दया केली की तुम्हाला बरं वाटतं, आणि त्याची किंमत दुसरं मूल भरतं.” आणखी एक त्यांचं आवडतं वाक्य होतं: “अपवाद माझ्याकडे मिळत नाही. दुसऱ्या दुकानात बघा.”

पण बाईंची बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या भांडारात एक कारकून होता. मुलांसाठी आलेली दुधाची भुकटी तो एका हॉटेलवाल्याला परस्पर विकायचा. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं, कारण तो कुणाचा तरी मेव्हणा होता. बाईंनी पोलीस बोलावले नाहीत. त्याला धरून सक्करदऱ्याच्या बालवाडीत नेलं. मुलं रिकामे पेले घेऊन रांगेत बसली होती. बाईंनी त्याला त्यांच्यासमोर उभं केलं. “सांगा यांना. आज दूध का नाही ते तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा.” तो घामाघूम झाला. “सांगा, मुलं वाट बघून राहिली आहेत.” अखेर तो पुटपुटला, “दूध मी विकलं.” एका पोराने विचारलं, “काहून?” बाईंनी त्याला उत्तर दिल्याशिवाय हलू दिलं नाही. आठवड्याभरात तो गाव सोडून गेला. त्या दिवशी मला बाईंच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

बाई केंद्रावर जाताना स्वतःचा पाण्याचा तांब्या बरोबर न्यायच्या. “स्वच्छतेचा नियम,” असं म्हणायच्या, “मी सगळीकडे पाळते.” सक्करदऱ्याला शांताबाई होत्या, तिथे बाई तो पाळायच्याच. शांताबाईंच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली होती. धरमपेठेतल्या केंद्रात मात्र त्यांनी माठातलं गार पाणी दोन पेले घटाघटा प्यायलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पुस्तकात याबद्दल काही नव्हतं.

शांताबाई म्हणजे तिशीतली, काळीसावळी, आवाजाने खणखणीत बाई. त्यांच्या बालवाडीत पोरं पळत यायची. वस्तीतल्या बहुतेक बाया पहाटे इतवारीच्या बाजारात धान्य निवडायला जायच्या, त्यामुळे लहानग्यांना बालवाडीत आणायचं काम त्यांच्या मोठ्या बहिणी करायच्या. मोठ्या म्हणजे किती, तर सहा-सात वर्षांच्या. कडेवर भाऊ, नाकाला शेंबूड, आणि डोक्यावर चिंधीने बांधलेली वेणी. त्यातलीच एक बेबी. सहा उलटून गेलेली, अंगाने चारची दिसायची. तिचा भाऊ गोलू तिच्याशिवाय कुणाच्या हातून घास घ्यायचा नाही. महापालिकेच्या शाळेत कडेवरचं पोर चालत नसे आणि तिथे खायलाही मिळत नसे. बालवाडीत दूध मिळायचं, भाजलेल्या पिठाची गोड सुकडी मिळायची. बेबी सुकडीचा अर्धा गोळा गोलूला भरवायची, उरलेला स्वतः खायची, आणि तळहात चाटून पुसायची.

आता आमचं पुस्तक. सहा वर्षं झाली की मूल बालवाडीतून काढायचं, असा नियम. पण वस्तीत जन्मतारीख कुणाला माहीत? “थंडीत झाली”, “मोठा पूर आला त्याच्या आधी झाली”, असल्या तारखा. म्हणून बाईंनी पुस्तकात कानाची परीक्षा घातली होती. नवी नाही, आपल्याकडे शाळेत नाव घालताना पूर्वापार करतात तीच. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. हात पुरला की मूल सहाचं झालं. पुरला नाही तर अजून लहान. बाई महिन्यातून एकदा येऊन ही परीक्षा घ्यायच्या आणि चित्रांसाठी म्हणून मीही बरोबर असायचे. मी त्या परीक्षेचंही चित्र काढलेलं होतं.

सगळ्या शहरातल्या बालवाड्यांत मुलं कान धरायला धडपडायची, कारण मूलच ते, मोठं व्हायची हौस. कान सापडला की आनंदाने किंचाळायची, आणि तिथेच त्यांचं दूध बंद व्हायचं. शांताबाईंच्या बालवाडीत मात्र कुणाचाच हात पुरत नसे. महिनोन्महिने नाही. त्यांनी पोरांना एक गाणं शिकवलं होतं. हात म्हणजे वाघ, डोकं म्हणजे डोंगर, कान म्हणजे ससा:

वाघोबा चढला डोंगर,
ससा झोपला खाली,
वाघोबा वाघोबा थांब ना,
भूक तुझी गेली!

‘गेली’ म्हणताना सगळ्या पोरांचे हात कानाच्या चार बोटं वर थांबायचे. वाघ तिथे बसून शेपटी हलवायचा. पोरांना तो खेळ इतका आवडायचा की परीक्षेतही हात तिथेच थांबायचा. मला हे पहिल्याच खेपेला कळलं आणि मी हसू दाबून बाहेर पाहत राहिले. “ताई,” शांताबाई नंतर हळूच म्हणाल्या, “बेबीले काढलं तर गोलू कोणाच्या कडेवर यीन? एका पोट्टीच्या मागं एक बारकं लेकरू जाते. बाईले हे कसं दिसत नाही वं?”

बाईंना त्या गाण्याचं आधी फार कौतुक वाटलं. “अभिनयगीत चांगलं आहे. पुढच्या आवृत्तीत घेऊ,” म्हणाल्या. शांताबाईंचा जीव भांड्यात पडला. पण बाईंची नजर साधी नव्हती. त्या महिन्यात परीक्षा झाली. पोरांनी ओळीने हात वर नेले, ओळीने थांबवले. बाई ओळीपुढून चालत गेल्या, परत आल्या. मग म्हणाल्या, “शांता, यांचे सगळ्यांचे वाघ एकाच ठिकाणी कसे काय थांबून राहिले?”

शांताबाई खाली वाकून एका पोराच्या सदऱ्याची बटणं लावायला लागल्या.

बाई बेबीपुढे जाऊन खाली बसल्या. अगदी पुस्तकात लिहिल्यासारख्या, डोळ्याला डोळा. तिची विस्कटलेली बट कानामागे सारली. बेबीला असं कधी कुणी केलं नसावं. तिने मान कलती करून त्या हाताला गाल लावला.

“नाव काय ग तुझं?”

“बेबी.”

“बेबी, माझा वाघ बघ हं.” बाईंनी आपला हात डोक्यावरून नेला. “माझा वाघ चढला डोंगर. आणि सशाला खातो का? छे! तो तर सशाचा मित्र आहे. सशाला असं गोंजारतो.” त्यांनी स्वतःचा कान कुरवाळला. “तुझा वाघ घाबरतो का सशाला?”

“नाही घाबरत,” बेबी म्हणाली.

“मग दाखव. हुशार मुलीचा वाघ सशापर्यंत जातो.”

बेबीने शांताबाईंकडे पाहिलं. शांताबाईंनी किंचित मान हलवली, नको म्हणून. बाईंनी वळून पाहिलंही नाही. “तिकडे नको बघू, राणी. माझ्याकडे बघ. तुला येतं हे मला माहीत आहे.”

बेबीने हात डोक्यावरून नेला आणि कान धरला. नुसता धरला नाही, पाळी पकडून ओढली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. “शाबास! वाजवा रे सगळे!” सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. गोलूनेही वाजवल्या. बेबीचा चेहरा फुलून आला होता.

बाई उठल्या.

“हिचं नाव काढ.”

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “बाई, हिचा भाऊ हिच्याच कडेवर येतो. ही गेली की तोही जाईल. तो जेमतेम तीन वर्षांचा आहे, दूध त्याच्यासाठीच आहे ना?”

“तो आईच्या कडेवर येईल.”

“आई पहाटेच इतवारीत जाते.”

“नलिनी, तुम्ही चित्रं काढा.” मग त्या शांताबाईंकडे वळल्या. “या पोरीने प्यायलेलं दूध मी कुणाच्या तोंडातून काढून दिलं, माहीत आहे तुला? पलीकडच्या वस्तीत केंद्र उघडायला मला भुकटी पुरत नाही. तिथली तीन वर्षांची मुलं पाणी पिऊन झोपतात. तू तुझ्या पोरांवर माया केलीस, आणि ती मुलं तुला दिसत नाहीत म्हणून त्यांच्यावर केली नाहीस.”

शांताबाई म्हणाल्या, “चुकलं बाई. माही नोकरी घ्या, पण पोट्टीले राहू द्या.”

“नोकरी घेऊन मला काय मिळणार? तू चांगली सेविका आहेस. तू राहायचं. फक्त यापुढे दर महिन्याची परीक्षा तू घ्यायची. आणि हिला आता तूच सांग. खोटं तू शिकवलंस, खरं पण तूच सांगायचं. मी इथे उभी आहे.”

कारकुनाला उभं केलं होतं अगदी तसंच. त्या दिवशी मला ज्याचं कौतुक वाटलं होतं तीच रीत. आज मात्र मी चित्रांची वही मिटून पिशवीत टाकली.

शांताबाई बेबीजवळ गेल्या. त्यांनी तिच्या झग्यावरचं सुकडीचं पीठ झटकलं. बेबीच मोठ्या उत्साहाने म्हणाली, “बाई, मी पहिली आलो ना? मले मोठ्या शाळेत टाकता का आता?”

“बेबी,” शांताबाई म्हणाल्या, “उद्यापासून तू नको येऊ. इथं तुले आता खायले नाही भेटणार.”

पोरीने आधी बाईंकडे पाहिलं. बाई प्रसन्न चेहऱ्याने उभ्या होत्या. मग तिने शांताबाईंकडे पाहिलं आणि तिला काय समजलं ते तिचं तिला ठाऊक. घाईघाईने हात डोक्यावर नेऊन तिने तो कानाच्या वर, नेहमीच्या जागी थांबवला. “हे पाहा बाई, नाही पुरत. आता नाही पुरत. मगाशी चुकून पुरला.” तिने तो खाली घेतला नाही. शांताबाईंनीच शेवटी तो धरून खाली आणला, गोलूला तिच्या कडेवर दिलं आणि तिला दारापर्यंत पोचवलं. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि आम्ही पुढच्या केंद्रावर गेलो.

गोलू परत आला नाही. बेबी त्याला घेऊन आईबरोबर इतवारीत जायला लागली आणि पोत्यांच्या आड बसून चाळणीतले खडे वेचू लागली. पुढे आणखी चार-पाच बहिणींचे हात कानाला पुरले आणि त्यांच्या कडेवरचे भाऊही घरी राहिले. सक्करदऱ्याची हजेरी निम्म्यावर आली. बाईंनी अहवालात कारण दिलं, ‘पालकांची उदासीनता’. वाचलेली भुकटी पलीकडच्या वस्तीत गेली, तिथे केंद्र सुरू झालं, हेही खरं. तिथल्या मुलांना दूध मिळालं. ती मुलं आज मोठी झाली असतील आणि त्यांना यातलं काही माहीत नसेल.

पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत बाईंनी एक वाक्य वाढवलं: ‘कानाची परीक्षा खेळाच्या रूपात व मुलाचे कौतुक करीत घ्यावी, मूल आपण होऊन खरे काय ते दाखवते.’ त्याखाली चित्र हवं होतं. कान धरून हसणारी मुलगी. “या वेळी हसरी काढा,” असं बाई म्हणाल्या. मी राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. बाईंनी उभ्यानेच वाचला. “भावनाप्रधान माणसाने या कामात येऊ नये, हे तुमच्या लवकर लक्षात आलं,” एवढंच बोलल्या. चित्र दुसऱ्या कुणी काढलं. चांगलं काढलं होतं.

बाई गेल्या तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. संस्थेने सक्करदऱ्यालाच शोकसभा ठेवली. फोटोला मोठा हार, समोर सतरंजी, कोपऱ्यात माईक. मी का गेले ते मला सांगता येणार नाही. कदाचित बाई खरंच गेल्या याची खात्री करायला गेले असेन. शांताबाई पहिल्या ओळीत होत्या, केस पांढरे झालेले. मी त्यांच्या शेजारी बसले.

थोड्या वेळाने विशीतली एक बाई आली. पायात स्लिपर, पदराला धान्याची धूळ, हातात झेंडूची दोन फुलं. तिने फोटोपुढे फुलं ठेवली, डोकं टेकलं आणि खूप वेळ टेकूनच राहिली. परत जाताना ती शांताबाईंच्या अगदी समोरून गेली. शांताबाईंनी मान वर केली, तिने मान वळवली. मी उठून तिच्यामागे दारापर्यंत गेले आणि विचारलं, “तू बाईंना कशी ओळखतेस?”

“मी बेबी जी. लहानपणी इथं येत होतो. ह्या मोठ्या बाईनं माह्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. हुशार पोरगी म्हणे मले. माह्या मायनं नाही म्हटलं कधी तसं.”

“मग तू शिकली का नाहीस?”

तिने मागे, पहिल्या ओळीकडे हनुवटी केली. “ते बसली ना, शांताबाई. तिनं काढलं मले. हात धरून बाहेर काढलं. मोठ्या बाईच्या हातात असतं तर मी शिकलो असतो.”

माझं डोकं फिरलं. मी तिला तिथेच दारात सगळं सांगितलं. नाव कुणी काढायला लावलं, नोकरीवर कोण पाणी सोडत होतं, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग समजूत घातल्यासारखी म्हणाली, “नाही जी, तुम्ही भुलल्या. मोठी बाई तर माह्यापाशी खाली बसली होती. मले चांगलं याद आहे.” आणि स्लिपर ओढत निघून गेली.

मी परत येऊन बसले. शांताबाईंनी माझ्याकडे न बघताच विचारलं, “सांगितलं का तिले तुम्ही?”

“सांगितलं.”

“नाही पटलं ना? मीबी सांगून पाहिलं होतं. इतवारीत दिसली का रस्ता बदलते.” त्यांनी पिळून सुतळी झालेलं पदराचं टोक उलगडलं, पुन्हा पिळलं. “लेकराच्या मनात काय बसते अन् कोण बसते, हे बाईले बरोबर समजे, ताई. आपल्याले नाही समजलं.”

तेवढ्यात माईकवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. बाईंच्या सर्वांत जुन्या सेविकेने दोन शब्द बोलावेत, अशी विनंती झाली. शांताबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, माईकसमोर गेल्या, फोटोकडे पाहिलं.

“बाईनं मले खरं बोलायले शिकवलं,” त्या म्हणाल्या आणि जागेवर येऊन बसल्या. सगळ्या सभेने माना डोलावल्या.